पायिसचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो?



आपल्या समाजातील बरेच ज्येष्ठ लोक दर आठवड्याला लोटो भरतात. कोणी नातवंडांच्या वाढदिवसांचे आकडे घालतात, कोणी गेली तीस वर्षे तेच सहा आकडे धरून बसले आहेत. यात वाईट काही नाही. पण बक्षीस कसे ठरते, त्यातून कर किती कापला जातो, आणि बक्षिसे वाटून उरलेला पैसा कुठे जातो, असे विचारले तर फारच थोड्यांना नीट सांगता येते. मी काही हिशोबाची माणूस नाही. आयुष्यभर नर्सिंग केले. पण पेशंटला गोळी देताना ती कशासाठी आहे, किती घ्यायची आणि तिचा त्रास काय होऊ शकतो, हे समजावून सांगायची मला सवय आहे. लोटोच्या तिकिटाबद्दलही तसेच सांगावे म्हणून हा लेख.

मिफाल हापायिस म्हणजे काय?

आधी शब्द बघू. ‘पायिस’ म्हणजे चिठ्ठी टाकून निवड करणे. हा शब्द जुना आहे. यरुशलेमच्या मंदिरात त्या दिवशी कोणत्या कोहेनने कोणते काम करायचे, हे ठरवण्यासाठी चार वेळा ‘पायिस’ होत असे. कोहेन उभे राहून बोटे पुढे करीत आणि मोजणी होई. मिश्नामध्ये योमा या भागात याचे वर्णन आहे. तेव्हा त्यात पैसा नव्हता, कामाची वाटणी होती.

आजची मिफाल हापायिस १९५१ साली सुरू झाली. देश नवा, पैसा कमी, आणि जगभरातून आलेली माणसे तंबूंत आणि माबारात राहत होती. तेल अवीवच्या नगरपालिकेने शहरात रुग्णालये बांधण्यासाठी पैसा उभा करायला ही लॉटरी काढली. पुढे बाकीच्या शहरांच्या नगरपालिकाही त्यात आल्या. म्हणजे हिची सुरुवातच आजारी माणसासाठी झाली, हे मला नर्स म्हणून विशेष वाटते.

मिफाल हापायिस कोणा शेठजीची कंपनी नाही. ती सार्वजनिक हितासाठी चालणारी कंपनी आहे आणि स्थानिक नगरपालिकांच्या वतीने चालते. नफा वाटून घेणारा मालक तिला नाही. इस्राएलमध्ये १९७७ च्या दंड कायद्याप्रमाणे जुगार आणि लॉटरी चालवणे गुन्हा आहे. मिफाल हापायिसला अर्थखात्याकडून परवाना मिळतो म्हणून तिची लॉटरी कायदेशीर ठरते. फुटबॉलसारख्या खेळांवर पैसे लावण्यासाठी ‘टोटो’ आहे. तो वेगळा कारभार असून त्याचा कायदा १९६७ चा आहे. या दोन सोडून कोणी तुम्हाला लॉटरी विकत असेल तर ती बेकायदा समजा.

आपल्यापैकी जे १९६९ नंतर भारतातून आले त्यांना महाराष्ट्र राज्य लॉटरी आठवत असेल. ती त्याच साली सुरू झाली. लोक मटक्याच्या नादी लागू नयेत, त्यांना सरकारी आणि कायदेशीर पर्याय मिळावा, असा तिचा एक हेतू होता. तिथे नफा राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. इथे मात्र तो मुख्यतः शहरांच्या आणि गावांच्या बांधकामांना जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिकिटाच्या पैशाच्या वाटण्या

किओस्कवर तुम्ही पैसे दिलेत की त्याच्या चार वाटण्या होतात.

पहिली आणि सर्वात मोठी वाटणी बक्षिसांची. सगळे खेळ मिळून अर्ध्याहून अधिक पैसा बक्षिसांच्या रूपाने खेळणाऱ्यांकडे परत जातो.

दुसरी वाटणी किओस्कवाल्याच्या कमिशनची.

तिसरी वाटणी कारभाराच्या खर्चाची. पगार, यंत्रे, छपाई आणि टीव्हीवर आपण सतत बघतो त्या जाहिराती यांचा खर्च त्यातून होतो.

चौथी वाटणी उरलेल्या पैशाची. शाळेचे वर्ग, बालवाड्या, मतनास, वाचनालये, आरोग्य आणि समाजसेवेच्या इमारती यांना हा पैसा जातो.

आता साधा विचार करा. सगळ्या खेळणाऱ्यांनी मिळून जितके दिले, त्यापेक्षा कमीच त्यांना परत मिळते. बाकीच्या तीन वाटण्या मधेच निघून जातात. म्हणून सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर खेळणारे नेहमी तोट्यातच असतात. ही लबाडी नाही. लॉटरीची रचनाच तशी आहे आणि जगातली प्रत्येक लॉटरी अशीच चालते. शिवाय परत येणारा पैसा सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. त्यातला मोठा भाग अगदी मोजक्या लोकांकडे जातो.

लोटोचे बक्षीस कसे ठरते?

लोटोमध्ये १ ते ३७ मधले सहा आकडे निवडायचे असतात, आणि वेगळा एक ‘मिस्पार खझाक’ १ ते ७ मधून. सोडत मंगळवारी आणि शब्बाथ सुटल्यावर शनिवारी रात्री होते, कधी कधी गुरुवारीही असते. बक्षिसांच्या आठ पायऱ्या आहेत. सर्वात वरची पायरी म्हणजे सहाही आकडे आणि मिस्पार खझाक. सर्वात खालची म्हणजे फक्त तीन आकडे. त्यात मिळणारी रक्कम अगदी किरकोळ असते.

३७ मधून सहा आकडे निवडण्याचे २३,२४,७८४ वेगवेगळे प्रकार होतात. त्याला मिस्पार खझाकच्या सात शक्यतांनी गुणले की १,६२,७३,४८८ होतात. यातला फक्त एक प्रकार पहिल्या बक्षिसाचा.

एवढा मोठा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून असे बघा. इस्राएलची लोकसंख्या साधारण एक कोटी आहे. तान्ह्या बाळापासून शंभरीच्या आजीपर्यंत प्रत्येकाने एकेक रकाना भरला आणि प्रत्येकाचे आकडे वेगळे असले, तरी साठ लाखांहून जास्त प्रकार कोणीच न भरलेले राहतील. किंवा असे म्हणा, की दर आठवड्याला एक रकाना भरत राहिलात तर सगळे प्रकार भरून व्हायला तीन लाख बारा हजार वर्षे लागतील. एकशेवीस वर्षे जगा असा आपण एकमेकांना आशीर्वाद देतो, पण इथे तोही पुरायचा नाही.

खालच्या पायऱ्यांचे काय? शंभर रकान्यांपैकी साधारण शहाण्णव रकान्यांत दोन किंवा त्याहून कमी आकडे जुळतात, म्हणजे सहा आकड्यांत हाती काही लागत नाही. नेमके तीन आकडे सुमारे सव्वीस रकान्यांत एकदा जुळतात. त्यामुळे अधूनमधून लहानसे बक्षीस लागते आणि ‘आता जवळ आलो’ असे वाटते. पण तीन आकडे जुळले म्हणून पुढच्या वेळी सहा जुळायची शक्यता वाढत नाही. सोडतीच्या गोळ्यांना मागचे काही आठवत नाही. तीस वर्षे तेच आकडे भरले काय आणि आज पहिल्यांदा भरले काय, यंत्रासमोर दोघे सारखेच.

पहिले बक्षीस कोणालाच लागले नाही तर ती रक्कम पुढच्या सोडतीला वाढते. म्हणून कधी कधी तो मोठा आकडा टीव्हीवर झळकतो आणि किओस्कसमोर रांगा लागतात. पण बक्षीस एकापेक्षा जास्त लोकांना लागले तर ते त्यांच्यात वाटले जाते. रक्कम मोठी झाली की खेळणारे वाढतात, आणि वाटेकरी निघायची शक्यताही वाढते. एक गंमत सांगते. वाढदिवसाचे आकडे भरणाऱ्यांचे आकडे ३१ च्या पुढे जात नाहीत. त्यामुळे १ ते ३१ मधले आकडे खूप लोक भरतात. ३२ ते ३७ मधले आकडे घेतल्याने लागायची शक्यता वाढत नाही, पण लागलेच तर वाटेकरी कमी असू शकतात.

खिश-गाद, म्हणजे खरवडायचे तिकीट, याचे तंत्र वेगळे आहे. तिकीट छापतानाच बक्षीस आहे की नाही ते ठरलेले असते. तुम्ही उजव्या हाताने खरवडा की डाव्या, फरक पडत नाही. आणि मनुई, म्हणजे वर्गणीचे तिकीट, यात पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात. आपल्या घरात कोणी अशी वर्गणी लावली असेल तर बँकेच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या कागदावर एकदा नजर टाका. कित्येकदा माणूस विसरून जातो आणि पैसे मात्र जात राहतात.

बक्षीस लागले तर कर किती?

लॉटरीच्या बक्षिसावर इस्राएलमध्ये आयकर आहे. साधारण ३० हजार शेकेलपेक्षा थोड्या वरपर्यंतच्या बक्षिसावर कर नाही. ही मर्यादा वेळोवेळी बदलते. त्या मर्यादेपासून तिच्या दुपटीपर्यंत सूट हळूहळू कमी होत जाते. दुपटीच्या वर गेले की पूर्ण रकमेवर ३५ टक्के कर बसतो.

उदाहरण घ्या. २० हजार शेकेल लागले तर २० हजार हातात येतील. ५ लाख लागले तर १ लाख ७५ हजार कर जाऊन ३ लाख २५ हजार हातात येतील. दहा लाख लागले तर साडेसहा लाख. हा कर बक्षीस देतानाच कापून घेतला जातो आणि सरकारच्या तिजोरीत जातो. तुम्हाला आधी कोणाकडे काही भरावे लागत नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण फसवणारे नेमके इथेच फसवतात.

आणखी एक गोष्ट. ज्यांना बितुआख लेउमीकडून वृद्धापकाळाच्या भत्त्याबरोबर हश्लामत हाख्नासा मिळते, त्यांचे उत्पन्न आणि शिल्लक तपासली जाते. मोठी रक्कम हाती आली तर ती त्यांना कळवावी लागते. लपवली तर नंतर पैसे परत मागतात आणि म्हातारपणी नको तो मनस्ताप होतो.

उरलेला पैसा कोणाला?

उरलेला पैसा स्थानिक नगरपालिकांना, म्हणजे आपल्या इरियाला, बांधकामासाठी आणि इतर कामांसाठी मिळतो. तो वाटताना गावाची लोकसंख्या आणि त्याची आर्थिक-सामाजिक पायरी दोन्ही बघतात. ही पायरी सांख्यिकी खाते ठरवते, १ म्हणजे सर्वात गरीब आणि १० म्हणजे सर्वात सधन. शाळेच्या वर्गांसाठी आणि बालवाड्यांसाठी शिक्षणखात्याबरोबर काम होते. एश्कोल पायिस नावाची विज्ञान आणि कलेची केंद्रे आहेत, तिथे शाळेतली मुले प्रयोग शिकायला जातात. समाजसेवा करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. साहित्यासाठीचे सपीर पारितोषिक २००० सालापासून याच पैशातून दिले जाते. विज्ञान आणि कलांसाठीचे लांडाऊ पारितोषिकही यातलेच.

आपले बरेच लोक दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत स्थायिक झाले. त्यातल्या काही गावांत वर्षानुवर्षे पैशाची चणचण होती. अशा गावात इमारत बांधायला बाहेरून पैसा आला तर त्याचे मोल मोठे. तुमच्या मतनासच्या किंवा बालवाडीच्या दारावर पायिसची पाटी आहे का ते जाता येता बघा. ती पाटी तुमच्याच तिकिटांच्या पैशाची आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याच्याकडे कमी आहे तोच ‘एकदा लागले की सुटलो’ म्हणून जास्त खेळतो. म्हणजे बालवाडी बांधायचा पैसा पुष्कळदा ज्यांना तो सर्वात कमी परवडतो त्यांच्याच खिशातून येतो. या देशात पायिसची पैसे लावण्याची यंत्रेही होती. बटण दाबत राहिले की पैसे झपाट्याने जात. या यंत्रांमुळे गरीब वस्त्यांतली कुटुंबे बुडतात अशी मोठी टीका झाली. अर्थमंत्री मोशे काखलोन यांच्या काळात, २०१६ च्या शेवटी, ती बंद करण्यात आली. चांगले काम आणि माणसाचे नुकसान एकाच पैशातून होऊ शकते, हे तेव्हा सरकारनेही मान्य केले.

नर्स म्हणून काही सूचना

एक. खर्चाची मर्यादा आधीच ठरवा. आठवड्याला ५० शेकेल म्हणजे वर्षाला २,६०० आणि दहा वर्षांत २६,००० शेकेल. वर्षाच्या २,६०० मध्ये मुंबईच्या विमान तिकिटाला चांगला हातभार लागतो. मौज म्हणून दहा शेकेल घालवा, पण औषधाच्या किंवा भाजीच्या पैशाला हात लावू नका. लोटो ही बचत नव्हे.

दोन. तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचे, असे धरून चाला. तिकीट जपून ठेवा आणि मागे आपले नाव लिहा. तपासायला किओस्कवर दिलेत तर यंत्राच्या पडद्यावर काय दिसते ते स्वतः वाचा, आणि न लागलेले तिकीटही परत मागून घ्या. बक्षीस मागायला मुदत असते, ती संपली की हक्क जातो. म्हणून तिकीट महिनोन्महिने सिद्दूरमध्ये घालून ठेवू नका.

तीन. मिळून तिकीट काढत असाल तर लिहून ठेवा. मी काम करीत होते त्या वॉर्डात आम्ही आठ-नऊ नर्सेस मिळून तिकीट काढायचो. एकीकडे वही असे. कोणी किती दिले, या आठवड्यात कोण आहे, कोण नाही, सगळे तिच्यात. तिकिटाची झेरॉक्स प्रत्येकीला. कधी मोठे काही लागले नाही, पण कधी भांडणही झाले नाही.

चार. ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागले’ असा फोन किंवा व्हॉट्सअॅप आला तर लगेच बंद करा. जे तिकीट आपण काढलेच नाही त्याचे बक्षीस लागू शकत नाही. खऱ्या बक्षिसासाठी आधी कर, फी किंवा टपालखर्च भरावा लागत नाही. तेउदत झेहुतचा नंबर, क्रेडिट कार्डाचा नंबर किंवा मोबाइलवर आलेला कोड कोणालाही सांगू नका. भारताच्या नंबरवरून हिंदीत किंवा मराठीत गोड बोलणाराही फसवणारा असू शकतो. आपली भाषा ऐकली की आपण लगेच विश्वास टाकतो.

पाच. हे मला सर्वात महत्त्वाचे वाटते. पार्किन्सनच्या आजारावरची काही औषधे, जसे प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, काही पेशंटांमध्ये जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात. हीच औषधे रात्री पाय अस्वस्थ होण्याच्या त्रासावरही देतात. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस अचानक रोज किओस्कवर जाऊ लागतो, खोटे बोलतो, पैसे लपवतो. घरचे म्हणतात, म्हातारपणी बुद्धी फिरली. पण तो औषधाचा परिणाम असू शकतो. असे दिसले तर रागावू नका आणि औषध स्वतःहून बंदही करू नका, एकदम बंद केले तर वेगळा त्रास होतो. कुपत खोलिमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. विसरभोळेपणाच्या आजारातही पैशाचे भान सुटते. आजोबांनी एकाच दिवशी तीनदा तिकीट काढले असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. यात लाजण्यासारखे काही नाही. ताप आला तर आपण लपवतो का?

सहा. हातात पैसा टिकत नसेल आणि उधारी होत असेल तर इरियाच्या समाजसेवा विभागात, रेवाखामध्ये, जा. तिथली समाजसेविका कर्ज आणि जुगार दोन्ही प्रश्नांत कुठे मदत मिळेल ते दाखवते.

शेवटी एवढेच सांगते. लोटो भरायचा तर देणगी दिल्यासारखा भरा, दिलेले परत येईल अशी आशा न धरता. आणि त्या देणगीतून जे उभे राहिले त्याचा लाभ घ्यायला संकोच करू नका. ज्येष्ठांच्या दिवस-केंद्रात जा, मतनासमधल्या व्यायामाच्या वर्गात नाव घाला, नातवाला वाचनालयात घेऊन जा. आपल्या भागात असे काही नसेल तर चार जणांनी मिळून इरियाला पत्र लिहा आणि पायिसच्या पैशातून इथे काय होणार ते विचारा. हिब्रूत लिहायला जमत नसेल तर मुलांना सांगा. विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सर्वांना चांगले आरोग्य लाभो.